नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत

सासूबाईंना मी आत्या म्हणते. कराडच्या बाजूला सुनांनी सासूला आत्या म्हणायची रीत आहे, आणि लग्नानंतर मी ज्या मोजक्या रीती पाळल्या त्यातली ही एक. नवऱ्याला मी नावानं हाक मारते. सुरुवातीला त्यावरून मलकापुरातल्या आमच्या गल्लीत बरीच कुजबुज झाली, मग लोक कंटाळले. आत्यांनी मात्र मामंजींचं नाव आयुष्यात दोन-चारदाच घेतलं असेल, तेही उखाण्यात. मामंजींना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी कुठल्या खिडकीवर कुणी यजमानांचं नाव विचारलं की आत्या माझ्याकडे बघतात आणि ते मला सांगावं लागतं.

मी घरी बसून लोकांच्या वेबसाइट करते. उसाच्या रोपांची एक नर्सरी, कराडातले क्लास, एक मंगल कार्यालय, असली माझी गिऱ्हाइकं. 'घरी बसून' हे शब्द गल्लीतल्या बायकांचे. बसायला मला वेळ कुठे असतो, हा माझा आणि त्यांचा जुना वाद आहे. याच कामातून आत्यांचा रेडिव सुरू झाला.

रेडिव, म्हणजे रेडिओ, हे नाव आत्यांनीच ठेवलं. धाकटे दीर फौजेत आहेत. कुठे आहेत ते त्यांनी सांगायचं नाही आणि आम्ही विचारायचं नाही, हे घरात मामंजींपासून ठरलेलं, कारण मामंजीही फौजेतलेच. तिकडे फोनला रेंज असली तर असली. फोन लागलाच तर आत्या 'बरा हायस न्हवं, जेवलास न्हवं' यापलीकडे जात नाहीत, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ भिंतीशी बोलत बसतात. म्हणून एकदा मी त्यांच्या हातात माझा फोन दिला आणि म्हटलं, "आत्या, भिंतीला सांगताय ते याच्यात सांगा."

त्या सांगू लागल्या. मळ्यातली म्हैस व्याली आणि रेडी झाली, विहिरीवरची मोटर परत जळली, उसाला तोड अजून आलेली नाही, अमकीची सून तमकीशी का बोलत नाही. दर रविवारी सकाळचा चहा झाला की खुर्चीत सरळ बसायच्या, घसा साफ करायच्या आणि म्हणायच्या, "म्या आई बोलतीया." संपलं की फोन माझ्याकडे द्यायच्या, आणि दुपारी न चुकता विचारायच्या, "आयकलं का समद्यांनी?"

पहिल्यांदा हे आम्ही भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकत होतो. एका रविवारी आत्या एका चुलतजावेच्या पुरणपोळीला 'चामड्यागत' म्हणाल्या, आणि दिवस मावळायच्या आत ते त्या जावेच्या माहेरापर्यंत पोचलं. त्यानंतर मी माझ्याच वेबसाइटवर आत्यांसाठी एक पान काढलं, पानाला पासवर्ड घातला आणि त्याचं फीड केलं. फीड म्हणजे एक पत्ता असतो. तो फोनमधल्या ऐकायच्या अॅपमध्ये एकदा टाकला की नवं रेकॉर्डिंग आपोआप तिथे येऊन पडतं. रेंज असेल तेव्हा उतरून घ्यायचं आणि नसेल तेव्हा ऐकायचं. दिरांची तर सोयच झाली. ऐकणारे फक्त घरातले: दीर, नणंद, माझा नवरा, आणि आपलंच बोलणं आपल्या फोनवर तपासून बघणाऱ्या आत्या. नवऱ्याला आईचं बोलणं शेजारच्या खोलीत फुकट ऐकू येतं, पण तो ते ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात बसून फोनवर ऐकतो.

आता नणंदेचं सांगायला हवं. तिला मेढ्याकडे दिली होती. नवरा मारायचा. हे मी एका वाक्यात लिहिते, कारण ती स्वतःही याहून जास्त बोलत नाही. शेवटच्या वेळी तिचं मनगट मोडलं, आणि प्लास्टर निघाल्यावर ती तिकडे परत गेली नाही. लग्नाआधी तिनं लॅबचा डिप्लोमा केला होता. तो कागद पेटीतून काढून तिनं सांगलीत नोकरी धरली, रक्ताचे नमुने घ्यायची. एक खोली घेतली. "जिथं असशील तिथनं फरफटत आणीन," असा त्याचा निरोप दर थोड्या दिवसांनी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून यायचा. कोर्टानं त्याला तिच्या जवळपास फिरकायला मनाई केली होती, पण मनाई कागदावर होती आणि तो मोटरसायकलवर. म्हणून आम्ही सगळीकडे सांगत होतो की ती पुण्याला असते. ती सांगलीत आहे हे घरच्यांशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

घरच्यांना आणि रेडिवला. आत्या रेडिववर लेकीशी पोटभर बोलायच्या. सांगलीला ऊन लय हाय म्हणत्यात, डोक्यावर काहीतरी घेऊन जात जा. गणपतीच्या देवळापासनं तुझं ते रक्ताचं दुकान जवळच हाय, जाता-येता हात जोडत जा. लॅबला त्या दुकानच म्हणतात. नणंद हे ऐकून हसायची आणि खरंच हात जोडून जायची. पानाला पासवर्ड असल्यामुळे मी निर्धास्त होते.

त्या उन्हाळ्यात उंब्रजचे नर्सरीवाले रोपांचे नवे फोटो घेऊन घरी आले. साठीचे गृहस्थ, बोलायला गोड, चहाला कधी नाही म्हणत नाहीत. कप तोंडाला लावता लावता आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुमच्या सासूबाई लय ग्वाड बोलत्यात बगा. मी गाडीत ऐकतो की."

"गाडीत कसं ऐकता?"

"मोबाइलवर. शेतीचं कायतरी शोधत हुतो, तर ह्येच आलं फुडं. म्हैस व्याल्याचं ऐकलं नि म्हटलं, ही बाई खरं बोलतीया." मग आवाज खाली आणून, अगदी कौतुकानं, "ताई सांगलीला नोकरी करत्यात न्हवं? चांगलं केलं पोरीनं."

मी फोटोंचं पाकीट खाली ठेवलं. मी विचारलं, "तुम्हाला पासवर्ड कुणी दिला?"

"कसला पासवर्ड?" ते म्हणाले. "मला तर कुणी मागितलाच न्हाई."

ते गेल्याबरोबर मी कॉम्प्युटरपाशी बसले. पान उघडून बघितलं, ते शहाण्यासारखं पासवर्ड मागत होतं. मग फीडचा पत्ता थेट टाकून बघितला. काहीही न विचारता आत्यांची सगळी रेकॉर्डिंग ओळीनं पुढे येऊन बसली. पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड उघडं, असा तो प्रकार. पानाचा पासवर्ड पानापुरता असतो. फीडला तो लागू होत नाही, त्याला वेगळं कुलूप घालावं लागतं. गिऱ्हाइकांना मी हे दर वेळी बजावून सांगते, आणि माझ्याच घरात दिव्याखाली अंधार. त्यात कुठल्याशा अॅपनं आमच्या फीडचा पत्ता आपल्या सार्वजनिक यादीत चढवून ठेवला होता. 'कराड' शोधा, 'म्हैस' शोधा, आत्या हजर. मला स्वतःचा इतका राग आला की मी आधी फीड बंद केलं आणि मग उगीचच माऊस आपटला.

नवऱ्याला दुकानात फोन केला. तो समोरचं गिऱ्हाईक सोडून घरी आला, असं एरवी कधी होत नाही.

आत्यांना सांगणं सगळ्यात अवघड होतं. मी म्हटलं, "चूक तुमची नाही, कुलपाची आहे." त्या पदर तोंडाशी धरून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "त्येनं आयकलं आसंल?"

नर्सरीवाल्यांना सापडतं ते त्याला का सापडू नये, हेच माझ्याही मनात होतं. मी म्हणाले, "नसेल." नवरा म्हणाला, "त्याला म्हशीचं काय पडलंय." बोलताना आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

नणंदेला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं आता ती रडेल किंवा माझ्यावर चिडेल, आणि चिडली असती तर मला बरंच वाटलं असतं. ती म्हणाली, "वहिनी, रेडिव बंद नका करू. कुलूप लावा."

मग मी नीट कुलूप लावायला बसले. फीडच्या दारात सर्व्हरनंच पासवर्ड विचारावा अशी व्यवस्था केली. नुसतं तेवढ्यानं भागत नाही. रेकॉर्डिंग ज्या फोल्डरात ठेवलेली असतात तो उघडा राहिला, तर ज्याच्याकडे जुना पत्ता आहे त्याला ती ऐकू येतच राहतात. म्हणून फोल्डरालाही तेच कुलूप घातलं. पत्ता बदलला. हे फीड यादीत घेऊ नये अशी खूण त्यात टाकली, आणि त्या अॅपवाल्यांना लिहून जुनी नोंद काढायला लावली. आत्या शेजारी स्टूल ओढून बसल्या होत्या आणि माझ्या बोटांकडे बघत होत्या. मी त्यांना सांगत होते की आता ज्याला ऐकायचंय त्याला दारात एक शब्द विचारणार, आणि तो बरोबर सांगितला तरच आत सोडणार.

"म्हंजी दार आडवत्यात तसं," आत्या म्हणाल्या.

मला पटकन कळलं नाही.

"आगं, नवी नवरी माप वलांडायला आली की नणंदा दारात हात लावून उभ्या ऱ्हात्यात का न्हाई? नाव घेतल्याबिगर आत सोडत न्हाईत. त्येच की ह्ये."

मी हसले. खरंच तेच होतं ते. माझ्या लग्नात दार अडवून ह्याच नणंदेनं मला बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं, कारण मला उखाणा येत नव्हता आणि नुसतं नाव तिला चालत नव्हतं.

पासवर्ड काय ठेवायचा हा पुढचा प्रश्न. मी आधी नियमाप्रमाणे अक्षरं, आकडे, चिन्हं यांची खिचडी केली. दिरांचं उत्तर आलं, 'वहिनी, आमची वायरलेसची भाषा याहून सोपी असते.' आत्यांच्या फोनात टाकताना तर मीच चुकत राहिले. शेवटी आत्यांनीच तोड काढली. "दारात नाव घ्यायचं तर मालकाचंच घ्यायचं की. ह्येंचं ठिवा."

ह्येंचं म्हणजे मामंजींचं, मुलांच्या आबांचं. नवऱ्याला ते एकदम पसंत पडलं. मग इंग्रजीत ते लिहायचं कसं यावर फोनाफोनी झाली. नवरा म्हणे एक 'इ', दीर म्हणत दोन 'ई', आणि फौजेच्या कागदांत तिसरंच काहीतरी. शेवटी 'दारावरच्या पाटीवर आहे तसं' यावर सगळ्यांचं जमलं. ती पितळी पाटी मामंजींनी फौजेतून परत आल्यावर स्वतः ठोकली होती. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही आमचा पासवर्ड वाचता येतो, हे माझ्या डोक्यात आलं होतं. पण फीडची भानगड कळल्यापासून घरात पहिल्यांदाच कुणी हसत होतं, म्हणून मी बोलले नाही.

आत्यांच्या फोनात पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा मी मुद्दाम म्हटलं, "सांगा बघू पासवर्ड." त्यांनी आधी पदर डोक्यावर घेतला.

"कोयना मिळाली किस्नंला, दोघींचा एकच घाट," असं म्हणून त्या लाजून थांबल्या, मामंजींचं नाव घेतलं, आणि म्हणाल्या, "सोडा आता वाट." नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी नणंदेचा फोन आला. कामावरून ती कधी फोन करत नाही.

"वहिनी, तो आला होता."

"आता आहे?"

"गेला. मी बरी आहे. बाकी आल्यावर सांगते," एवढं बोलून तिनं फोन ठेवला, कारण पेशंट थांबले होते.

आम्ही तिघं होतो तसे गाडीनं सांगलीला निघालो. आत्यांनी पायात माझ्या चपला घातल्या होत्या, हे आम्हाला पेठ नाक्याला कळलं. आष्टा आलं. मग आत्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "माज्या तोंडाला टाकं घालाय पायजे हुतं." मी म्हणाले, "आत्या, गप बसा." इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. त्यांनी माझा हात धरला.

लॅबच्या मागच्या खोलीत नणंद डबा खात बसली होती. भाकरी आणि भेंडीची भाजी. आम्ही तिघं दारात धापा टाकत उभे, आणि ती वर बघून म्हणाली, "जेवलात का?" मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं. आत्या सरळ तिच्यापाशी गेल्या आणि तिचं मनगट हातात घेऊन जुन्या मोडलेल्या जागी दाबून बघू लागल्या.

"आई, त्यानं मला बघितलंसुद्धा नाही," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. ती पडद्यामागे एका आजोबांचं रक्त घेत होती. दंडाला पट्टा बांधलेला, सुई हातात. तेवढ्यात काउंटरवरून त्याचा आवाज आला. तो आवाज तिला गर्दीतही ओळखू आला असता. तो काउंटरवरच्या बाईंना विचारत होता की इथे अमुक अमुक काम करते का. त्यानं नाव सांगितलं ते सासरचं. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं लिहितात ते, त्याच्या घरानं ठेवलेलं.

बाई म्हणाल्या, या नावाचं इथं कुणी नाही.

"असं कसं? तिच्या आईच्या तोंडून ऐकलंय मी. गणपतीच्या देवळापासनं जवळ म्हणून."

"अहो, मी किती वर्षं इथं बसते. या नावाचं इथं कधीच कुणी नव्हतं."

बाई खोटं बोलत नव्हत्या. नणंदेचा डिप्लोमा लग्नाआधीचा, नोकरीचे कागद त्या डिप्लोमावरून झालेले, आणि छातीवरच्या पट्टीवर नाव माहेरचं. तिचं दुसरं नाव त्या लॅबमध्ये कुणी ऐकलंच नव्हतं. त्यानं मग आडनाव सांगून बघितलं, तेही त्याचंच. बाईंनी हात हलवला आणि म्हणाल्या, बाजूला चार लॅब आहेत, तिकडं बघा. तो गेला.

"पण त्याला तुझं आधीचं नाव माहीत नाही का?" मी विचारलं.

"पत्रिकेवर होतं की, वहिनी. तेव्हा वाचलं असेल." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "त्या नावानं त्यानं मला कधी हाक मारली नाही. आज गरज होती तरी त्याला ते सुचलं नाही."

डबा बाजूला सारून ती म्हणाली, "आणि खरं सांगू? त्यानं ते नाव घेतलं, तर मलापण वाटलं की तो दुसऱ्याच कुणाला तरी शोधतोय. माझा हात हललासुद्धा नाही. आजोबा म्हणाले, हलका हात हाय पोरी तुजा."

मी तिथल्या स्टुलावर बसले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. नवरा तोंड धुवायला म्हणून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळानं लाल डोळ्यांनी आत आला. आत्यांनी लेकीच्या डब्यातला उरलेला अर्धा तुकडा भाजीला लावला आणि खाल्ला.

बाकीचं मग पटापट झालं. काउंटरवरच्या कॅमेऱ्यात त्याचं तोंड स्वच्छ आलं होतं. वकीलबाईंनी लगेच अर्ज केला, पोलिसांनी त्याला बोलावून घेतलं, आणि कोर्टाची मनाई कागदावरून खाली उतरली. तो त्यानंतर सांगलीकडे फिरकलेला नाही. काउंटरवरच्या बाईंना सगळं कळलं तेव्हा त्या नणंदेवरच रागावल्या. आधी सांगितलं असतंस तर पायरीसुद्धा चढू दिली नसती, म्हणाल्या. आता लॅबमध्ये सगळ्यांना माहीत आहे, आणि नणंद म्हणते की लपण्यापेक्षा हेच बरं.

त्या संध्याकाळी आम्ही तिच्या खोलीवर चहा घेत होतो तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, आबांचं नाव त्याला पाठ आहे. ती पाटी त्यानं जावई म्हणून कितीदा वाचलीय."

ते मला कळतच होतं. मी म्हटलं, आपल्या सगळ्यांना कधीच विसरणार नाही आणि त्याला कधीच सुचणार नाही, असं काहीतरी हवं. कुलदैवत त्याला ठाऊक. गाव ठाऊक. म्हशीचं नाव तर रेडिववर गाजलेलं. नवऱ्यानं त्याच्या पहिल्या ट्रॅक्टरचा नंबर सुचवला, तो त्यालाच धड आठवेना.

"माजं ठिवा," आत्या म्हणाल्या.

"आत्या, तुमचं नाव पत्रिकेवर होतं. ते माहीत आहे त्याला."

"त्ये न्हवं. माजं. आदीचं."

मी नवऱ्याकडे बघितलं, त्यानं बहिणीकडे. आमच्यापैकी एकालाही ते नाव माहीत नव्हतं. आत्यांचे भाऊ त्यांना आक्का म्हणायचे. आईवडील कधीच गेले. कोवळ्या वयात त्या या घरात आल्या, त्यांच्याही नावाचे तांदूळ झाले, आणि ज्या नावानं त्या आल्या होत्या ते उंबऱ्याबाहेर राहिलं. मी त्यांच्या औषधांच्या वेळा सांगू शकते, त्यांना कुठल्या डाळीनं पित्त होतं ते सांगू शकते. नाव विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं, आणि थोड्या वेळापूर्वी लॅबमध्ये मी दुसऱ्या कुणाला तरी याच गोष्टीवरून मनात शिव्या दिल्या होत्या.

"आबांना तरी ठाऊक होतं का?" नणंदेनं विचारलं.

"एकदा इचारलं हुतं त्यांनी. सांगितलं मी. म्हणाले, ग्वाड हाय की. पर आता ह्येच ठरलंय."

मग त्यांनी नाव सांगितलं. उखाणा नाही, डोक्यावर पदर नाही. नुसतं नाव.

"परत म्हण," नणंद म्हणाली.

आत्यांनी परत म्हटलं. छोटं नाव होतं, उच्चारलं तसं लिहिता येणारं. या वेळी स्पेलिंगवरून कुणी भांडलं नाही. नणंदेच्या त्याच खोलीत लॅपटॉप उघडून मी ते फीडला आणि फोल्डराला लावलं. पुढे थोडे आकडे जोडले, ते माझ्या समाधानासाठी. पहिल्यांदा ते नणंदेनं तिच्या फोनात टाकलं. आईचं नाव मी आज पहिल्यांदा लिहिलं, असं ती म्हणाली आणि हसली. दिरांना रात्री फोन लागला. मी पासवर्ड सांगितल्यावर ते म्हणाले, "हे कुणाचं नाव?" मी सांगितलं. त्यांनी ते एकेक अक्षर म्हणत टाकलं. मग ते म्हणाले, "उघडलं, वहिनी."

पासवर्ड अधूनमधून बदलावा हे मला कळतं. घरात हा विषय काढला की सगळे माझ्याकडे वैऱ्याकडे बघावं तसं बघतात. म्हणून तोच चालू आहे, आणि म्हणून मी तो इथे लिहीत नाही. एकाचं लिहायचं नाही तर बाकीच्यांची तरी कशाला, असं म्हणून मी सगळ्यांचीच नावं गाळली.

नर्सरीवाले परवा येऊन गेले. "वहिनी, त्ये बंद झालं व्हय? त्या रेडीचं फुडं काय झालं?" त्यांच्या हातात मी चहा दिला, आणि आत्यांनीच बाहेर येऊन त्यांना रेडीचं सगळं सांगितलं. त्या माणसाचे आमच्यावर केवढे उपकार आहेत हे त्यांना आम्ही सांगितलेलं नाही. त्यांची वेबसाइट मात्र मी हल्ली फार मन लावून करते.

रेडिव दर रविवारी चालू आहे. आत्या आता सांगलीचं नाव घेत नाहीत, 'तिकडं' म्हणतात. सुरुवात तीच, "म्या आई बोलतीया." पण दुपारी त्या आता 'आयकलं का' असं विचारत नाहीत. माझ्या मागे येऊन उभ्या राहतात, स्क्रीनवर बघतात आणि विचारतात, "घेतलं का माजं नाव समद्यांनी?"

"घेतलं, आत्या."

"मग सोड त्यास्नी आत," म्हणतात आणि चहा ठेवायला जातात.